बुजऱ्या कुत्र्याला मोकळं रान नको असतं

पुण्यातून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी मुळशी तालुक्यातली गावं एकामागून एक येतात आणि आतल्या बाजूला, डोंगराच्या उतारावर, शहरातल्या लोकांची फार्महाऊसं दिसायला लागतात. शहरात एखादं कुत्रं अपघातातून किंवा मारहाणीतून वाचवलं जातं, औषधपाणी होऊन बरं होतं, पण माणूस जवळ आला की भिंतीकडे तोंड करून बसतं. दत्तक घ्यायला आलेली माणसं त्याच्याकडे पाहून पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात. मग ओळखीपाळखीतून एक सूचना हमखास येते: मुळशीत अमक्यांचं फार्महाऊस आहे, दोन एकर जागा आहे, कुंपण आहे, वॉचमन आहे, तिथं सोडू, बिचारं मोकळं तरी राहील. सूचना करणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. पण बहुतेक बुजऱ्या कुत्र्यांसाठी हा पर्याय चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजून घेतलं तर अशा कुत्र्यासाठी बरोबर घर कसं शोधायचं तेही बऱ्याच अंशी समजतं. भ्यालेल्या कुत्र्याला जागा फारशी कमी पडत नसते. पुढच्या घटकेला काय होणार याचा अंदाज त्याला येत नसतो, आणि त्याला घर हवं असतं ते हा अंदाज बांधता यावा म्हणून.

आधी कुत्रं बुजरं होतं कशामुळे ते पाहू. बुजरं कुत्रं म्हणजे कुणीतरी खूप मारलेलं कुत्रं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. काही कुत्र्यांच्या बाबतीत ती खरी असते, पण अनेकांना कुणी हातही लावलेला नसतो, आणि नेमकी अडचण तीच असते. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, त्यानंतर नव्याची भीती वरचढ होत जाते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष आजही मानला जातो. त्याच परंपरेतला १९६१ चा डॅनियल फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा प्रयोग इथं फार बोलका आहे. पिल्लं आईसोबत उंच कुंपण घातलेल्या मोकळ्या मैदानात वाढवली. खायला होतं, आई होती, भावंडं होती, हुंदडायला जागा होती. काही पिल्लांना वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसांच्या सहवासात आणलं, काहींना चौदा आठवडे होईपर्यंत माणसापासून लांबच ठेवलं. ही शेवटची पिल्लं जवळपास रानटी झाली आणि पुढे सराव देऊनही माणसाळणं त्यांना फार जड गेलं. कुणी त्यांना मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. त्या मैदानाचं वर्णन वाचताना मुळशीतलं कुंपणाचं फार्महाऊस डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही.

भीतीची आणखी दोन मुळं आहेत. एक रक्तातलं: काही कुत्री जन्मतःच हळव्या स्वभावाची असतात, आणि अमेरिकेत पॉइंटर जातीच्या कुत्र्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या निरीक्षणातून हा बुजरेपणा वंशपरंपरेनं उतरतो हे दिसून आलं आहे. दुसरं मूळ अनुभवाचं, आणि आपल्या रस्त्यांवर तर ते शहाणपणाचंच म्हणायला हवं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांच्या २०१६ च्या एका शोधनिबंधात ३६४ पिल्लांचा मागोवा आहे. त्यातली जेमतेम १९ टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगली, आणि मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक या ना त्या प्रकारे माणसामुळे झाले. ज्या जगात पाचातली चार पिल्लं मोठी होत नाहीत, तिथं माणूस दिसताच आडोशाला पळणारं पिल्लू काही बिघडलेलं नसतं. त्याला त्याच्या जगानं जे शिकवलं ते ते इमानानं पाळत असतं. ही तिन्ही मुळं वेगळी ओळखायला हवीत, कारण त्यांवर पुढचा अंदाज ठरतो. एकेकाळी माणसांत वाढलेलं आणि नंतर एखाद्या आघातानं घाबरलेलं कुत्रं बहुधा लवकर सावरतं, कारण त्याच्याकडे परत जाण्यासारखी जुनी ओळख असते. पिल्लूपणी माणूसच न पाहिलेल्या कुत्र्याला ती ओळख पहिल्यापासून उभी करावी लागते. आणि यात पडण्याआधी पशुवैद्याकडून दुखणं तपासून घेणं भाग आहे. चुकीचं सांधलेलं जुनं हाड, कानातला संसर्ग, किडलेली दाढ यांच्या वेदनेनंसुद्धा कुत्रं हात चुकवतं आणि आपण त्याला स्वभाव म्हणून मोकळे होतो.

मग पहिला आणि सर्वांत जड आक्षेप येतो, तो असा की अशा कुत्र्याला घर शोधायचंच कशाला? ते रस्त्यावरचं आहे, रस्त्यावर सुखी होतं, तिथंच परत सोडावं. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे आणि प्राणिप्रेमींनी ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. पकडून आणलेलं, पिंजऱ्यात थरथरणारं कुत्रं आपल्या गल्लीत, आपल्या कळपात आणि रोज पोळी घालणाऱ्या माणसापाशी अगदी वेगळं वागत असू शकतं. तिथं ते शेपूट हलवतं, लोळतं, दुपारी दुकानाच्या पायरीवर निवांत झोपतं. पिंजऱ्यातल्या वागण्यावरून त्याला बुजरं ठरवून पाच मजले वर कोंडणं हा त्याच्यावरचा अन्याय ठरेल. आपला कायदाही याच बाजूचा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं, कानाला खाच करून, जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेली, रेबीजची शंका असलेली आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांबाबत हीच पद्धत कायम ठेवली. तेव्हा निरोगी, प्रौढ, आपल्या परिसरात रुळलेल्या कुत्र्याचं घर म्हणजे त्याची गल्लीच.

पण सगळ्यांना परत जाता येत नाही. पाय कायमचा अधू झालेलं कुत्रं वाहतुकीत टिकत नाही. जन्मदात्रीपासून तुटलेलं पिल्लू, मालकानं पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात गाडीतून उतरवून दिलेलं पाळीव कुत्रं, बांधकाम संपून मजूर निघून गेल्यावर मागे राहिलेली कुत्री, यांना परत जायला जागाच नसते. शिवाय ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात त्याच न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायला आणि पुन्हा तिथं न सोडायला सांगितलं आहे. म्हणजे वर्षानुवर्षं एकाच आवारात राहिलेली, दोन-चार ओळखीच्या माणसांपलीकडे कुणावर विश्वास नसलेली कुत्री आता मोठ्या संख्येनं निवाऱ्यात येऊ शकतात. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात मोकाट कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात होती. यातल्या अगदी थोड्यांना निवाऱ्यात आणलं तरी त्यांत बुजरी कुत्री किती असतील याची कल्पना करावी.

निवाऱ्यात या कुत्र्याचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. रांगेतल्या इतर पिंजऱ्यांतली कुत्री जाळीवर पाय टेकून भुंकत असतात. हे एक मागच्या कोपऱ्यात, शक्यतो भांड्याच्या किंवा फळीच्या आड असतं. अंग आखडलेलं, शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले. कुणी समोर उभं राहिलं की ते नजर वळवतं, पण डोळ्याच्या कडेनं पाहत राहतं, त्यामुळे बुबुळाबाजूचं पांढरं दिसतं. खाल्लेलं नसताना जिभेनं नाक चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं. बिस्किट पुढे केलं तर घेत नाही, माणूस गेल्यावर खातं. हात लावला तर हलत नाही, आणि इथंच चूक होते. शांत आहे, गरीब आहे, काही करत नाही, असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो. ते शांत नसतं, गोठलेलं असतं. मायकेल हेनेसी यांच्या गटानं १९९७ मध्ये अमेरिकी निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत त्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. म्हणजे आल्या आल्या केलेली स्वभावपरीक्षा भीतीचीच परीक्षा असते. २०१९ मध्ये लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी पाच निवाऱ्यांतल्या दोनशेहून अधिक कुत्र्यांना एक-दोन रात्रींपुरतं कुणाच्या तरी घरी पाठवून पाहिलं. घरी असताना कॉर्टिसोल उतरलं, निवाऱ्यात परतल्यावर पुन्हा पूर्वीइतकं झालं. निवारा कितीही मायेनं चालवला तरी तिथला गोंगाट आणि सतत बदलणारी माणसं टळत नाहीत. पुण्यात २००७ पासून जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या, बावधनला केंद्र असलेल्या रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था दत्तकाचंही काम करतात, पण उपचारांच्या जागी दिवसाला नवनवे प्राणी येणारच. त्यामुळे बुजऱ्या कुत्र्याला कायमचं घर मिळण्याआधी काही आठवडे कुणाकडे तरी फॉस्टरला ठेवणं ही चैन म्हणता येणार नाही. ते घरात कसं वागतं हे कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही, आणि ते कळल्याशिवाय घर शोधणार कशाच्या आधारावर?

आता पुन्हा फार्महाऊसकडे येऊ. सोमवार ते शुक्रवार तिथं वॉचमन एकटा असतो, आणि त्यालाही बाग, पंप, फाटक अशी शंभर कामं असतात. शनिवारी अचानक चार गाड्या येतात, मुलं धावतात, स्पीकर लागतो, कोळशाची शेगडी पेटते, रविवारी रात्री सगळं पुन्हा सामसूम. माणसाची सवय होण्यासाठी रोज थोडा, सारखाच, सौम्य सहवास लागतो. इथं पाच दिवस शून्य आणि दोन दिवस पूर. भीती वाढवायचीच असेल तर याहून चांगली रचना सापडायची नाही. वॉचमनचं कुटुंब मायाळू असेल तर कुत्रं त्यांना लागतं, पण वर्षा-दोन वर्षांत वॉचमन बदलतो आणि कुत्र्याचं एकमेव माणूस जातं. तारेचं कुंपण घाबरलेल्या कुत्र्याला अडवू शकत नाही. एकदा निसटलं की ते हाकेला येत नाही, कारण हाक मारणारा अजून त्याचा कुणी नसतो. मुळशीच्या पश्चिमेला ताम्हिणीचं अभयारण्य आहे, आणि बिबट्या या सगळ्या पट्ट्यात फिरतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीपट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, बिबट्यानं खाल्लेल्या एकूण भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. मुळशी म्हणजे अकोले नव्हे, पण रात्री अंगणात एकटं झोपणारं, भुंकून आसपासच्यांना न उठवणारं कुत्रं बिबट्याला दोन्हीकडे सारखंच सोपं. मग उपाय म्हणून साखळी येते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीनं दीर्घकाळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही. मोकळ्या रानासाठी आणलेलं कुत्रं अशा रीतीनं दोन मीटरच्या वर्तुळात येऊन थांबतं, आणि वर जून ते सप्टेंबर ताम्हिणीचा पाऊस.

यावर कुणी म्हणेल, मग काय, हिंजवडीतल्या विसाव्या मजल्यावर ठेवायचं का? प्रश्न योग्य आहे. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, आणि तिथल्या उंच इमारतींत लिफ्टचा बंद डबा, त्यात अचानक शिरणारी माणसं, खाली उतरलं की गाड्यांची रांग, हे सगळं बुजऱ्या कुत्र्याला दिवसातून तीन वेळा पार करावं लागतं. काहींना ते जमतच नाही. ती दिवस दिवस लघवी धरून ठेवतात. म्हणून फ्लॅट चांगला की शेत चांगलं, असा वाद घालून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं की या घरात रोज सारखं काय घडतं? दिवसभर कोण असतं? बाहेर जायला किती दारं ओलांडावी लागतात? पाहुणे किती येतात? भूगाव-भुकूमच्या गावठाणातलं बैठं घर, दिवसभर घरी असणारी आजी, ठरलेल्या वेळी बाहेर जाणारी-येणारी दोन माणसं, मागे भिंतीचं छोटं आवार आणि एक म्हातारं, शांत कुत्रं, असं घर दोन एकरांपेक्षा कितीतरी मोठं ठरतं. पहिल्या मजल्यावरचा जुन्या सोसायटीतला फ्लॅटही चालतो, जिन्यानं उतरता येतं म्हणून. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे, तेव्हा त्या भीतीनं चांगलं घर हातचं घालवू नये. पौड रस्त्यावर मात्र एक गोष्ट आवर्जून पाहावी: घराच्या हाकेच्या अंतरावर लग्नाचं लॉन आहे का? असेल तर हंगामात रोज रात्री बँड, डीजे आणि फटाके आलेच, आणि त्यापुढे बाकीचे गुण फिके पडतात.

घरातल्या दुसऱ्या कुत्र्याचा उल्लेख सहज केलेला नाही. माणसाला बुजणारी बरीच कुत्री कुत्र्यांना बुजत नाहीत. कळपात वाढलेल्या गावठी कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याची भाषा चोख येते. घरचं धीट कुत्रं माणसाच्या मांडीवर डोकं ठेवतं, हातून खातं, दार वाजलं तरी उठत नाही, हे पाहून नवं कुत्रं जे शिकतं ते माणसाला महिनाभर समजावून शिकवता येत नाही. अट एवढीच की ते धीट आणि सौम्य असावं. दोन बुजरी कुत्री एकत्र ठेवली तर एकाच्या दचकण्यानं दुसरं दचकतं.

आणि माणूस कसा हवा? दत्तक घेणाऱ्यांत आपण श्वानप्रेमी शोधतो, कुत्रं पाहताच ज्याला राहवत नाही असा. बुजऱ्या कुत्र्याला मात्र ज्याला राहवतं असा माणूस लागतो. महाराष्ट्रात नामदेवांची गोष्ट घरोघरी सांगितली जाते, कोरडी पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. त्या करुणेनं आपल्या मुलुखाचं मन घडवलं आहे. पण ज्याचा अजून विश्वास बसलेला नाही त्याच्या मागे धावू नये, वाटी खाली ठेवून लांब बसावं. पहिल्या संध्याकाळी करायचं ते इतकंच: एक खोली, तिच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी आडोसा केलेली जागा, पाणी, जुनी सतरंजी. घरातल्या एकानं त्याच खोलीत, तोंड दुसरीकडे करून, जमिनीवर बसून आपलं काम करावं. टक लावून पाहू नये, वाकून हात पुढे करू नये. दर थोड्या वेळानं उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा त्याच्या दिशेनं हलकेच टाकावा, आणि ते पुढे आलं तरी हात पुढे करण्याचा मोह आवरावा. आयसर कोलकात्याच्याच २०१७ च्या अभ्यासात, अनोळखी माणसाशी वारंवार भेट झाल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास खाऊपेक्षा कुरवाळण्यानं अधिक बसल्याचं दिसलं. निष्कर्ष सुंदर आहे, पण त्या कुत्र्यांना लांब राहण्याची मुभा होती. पळायला वाव नसलेल्या कुत्र्याला कुरवाळणं म्हणजे पकडणंच. म्हणून स्पर्शाची सुरुवात त्यानं करावी, आणि सुरुवात मानेखालून, छातीशी, डोक्यावरून नव्हे.

फिरायला नेताना तर जास्तच सावधगिरी लागते. नव्या घरातले पहिले काही दिवस कुत्रं हरवण्याची भीती सर्वांत जास्त असते. फटाका वाजला, दुचाकीचा सायलेन्सर तडतडला की ते मागे सरकतं, मान आक्रसतं आणि गळपट्टा डोक्यावरून निसटतो. म्हणून गळपट्टा आणि अंगात नीट बसणारा हार्नेस असे दोन्ही, आणि दोन्हींना वेगळा पट्टा, एक मनगटात, एक कमरेला. गळ्यात फोन नंबराचा बिल्ला पहिल्या मिनिटापासून. घराला दोन दारं असतील तर एक उघडण्याआधी दुसरं बंद, हा नियम लहान मुलांनाही पाठ हवा. आणि कुत्रं निसटलंच तर दहाजणांनी मिळून पाठलाग करणं ही सर्वांत मोठी चूक. ते आणखी लांब जातं. जिथून गेलं तिथंच त्याचं अंथरूण आणि खाणं ठेवून, ओळखीच्या एकाच माणसानं शांत बसून वाट पाहिली तर परतण्याची शक्यता अधिक असते.

दोन फटके दिले की वठणीवर येतं, असं म्हणणारे अजून पुष्कळ आहेत. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये हिबी, रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी कुत्रेमालकांच्या पाहणीत पाहिलं की शिक्षेचा वापर जास्त तिथं वागण्याच्या तक्रारीही जास्त. २०२० मध्ये पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात, दटावून-ओढून शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा आणि कॉर्टिसोल दोन्ही अधिक आढळले. धीट कुत्रं कदाचित हे पचवेल. बुजऱ्याला त्यातून एवढंच कळतं की माणसाबद्दलचा त्याचा अंदाज बरोबर होता.

आता एक व्यवहारी आक्षेप, आणि तो निवाऱ्यात राबणारी माणसंच घेतात. जागा आणि पैसा मोजका आहे, एका बुजऱ्या कुत्र्यावर जो वेळ जातो त्यात चार धीट कुत्र्यांना घर मिळेल, मग कुणाला निवडायचं? हिशेब खरा आहे. मात्र त्यात बुजरं कुत्रं सुधारतच नाही असं गृहीत धरलेलं असतं, आणि ते खरं नाही. अमेरिकेतल्या एएसपीसीए संस्थेनं केवळ अतिशय घाबरलेल्या कुत्र्यांसाठी पुनर्वसन केंद्र चालवलं. तिथं ठरलेल्या पद्धतीनं, थोडं थोडं करत, गरज पडली तिथं औषधांची जोड देत काम झालं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार चारशेहून अधिक कुत्र्यांपैकी ८६ टक्के दत्तक देण्याजोगी झाली. तिथं प्रशिक्षित माणसं होती, साधनं होती, आपल्याकडे तेवढी नाहीत हे कबूल. पण त्या पद्धतीतलं बहुतेक सगळं म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, छोटी पावलं आणि चविष्ट तुकडा, आणि हे फॉस्टरच्या घरात होऊ शकतं. उरलेल्या १४ टक्क्यांचाही विचार करायला हवा. ज्याची भीती महिनोन्महिने तसूभर कमी होत नाही, त्याला घरात कोंडण्यापेक्षा ओळखीच्या कुत्र्यांसोबत सुरक्षित आवारात ठेवणं जास्त दयेचं, आणि हे आवार नीट बांधलेलं आणि रोजचा एकच माणूस असलेलं असेल तर मुळशीतलं शेतही त्याला चालेल.

चावण्याचा प्रश्न झाकून ठेवता कामा नये. भ्यालेलं कुत्रं आधी पळतं, पळता आलं नाही तर गोठतं, आणि तेही उपयोगी पडलं नाही तर चावतं. रांगतं मूल असलेल्या घरात त्याला देऊ नये, कारण मूल आडोशात हात घालणारच. रेबीजची लस, तिचा दाखला आणि दरवर्षीचा बूस्टर ठरलेला हवा. आणि देणाऱ्यानं लपवाछपवी करू नये. प्रेमळ, खेळकर, मुलांमध्ये रमणारा, असा मजकूर फोटोखाली टाकून दिलेलं बुजरं कुत्रं आठवड्यात परत येतं, एक घर जास्त गमावून. त्याऐवजी लिहावं की माणसाजवळ यायला याला दोन महिने लागतील, जिन्याला घाबरतो, दुसऱ्या कुत्र्यासोबत खुलतो, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त बुजतो. विचारणा कमी येतील, पण ज्या येतील त्या वाचून आलेल्या असतील. बुजऱ्या कुत्र्याची भेटही एकदाच नको, तीन-चारदा व्हावी, त्याच कपड्यांतल्या, त्याच वासाच्या माणसाशी.

घर ठरल्यावरही काम संपत नाही. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा श्वानप्रेमींत प्रचलित आहे. धीर धरायला तो बरा, पण बुजऱ्या कुत्र्याचं वेळापत्रक त्यात बसतंच असं नाही. अमेरिकेत ९९ दत्तक कुत्र्यांचा सहा महिने मागोवा घेणाऱ्या २०२३ च्या अभ्यासात काही गोष्टी सुधारल्या, तर अनोळखी माणसांवर गुरगुरण्यासारख्या काही वाढल्या. कुत्रं घरात स्थिरावलं की ते घर राखायलाही लागतं. दत्तक घेणाऱ्याला हे आधी सांगितलेलं असेल तर तो घाबरून कुत्रं परत आणत नाही, फोन करून विचारतो. म्हणून करारपत्रात दोन गोष्टी लेखी असाव्यात. एक, पहिले सहा महिने दर महिन्याला भेट किंवा फोन. दुसरी, नाही जमलं तर कुत्रं देणाऱ्याकडेच परत, कुणा तिसऱ्याला नाही आणि रस्त्यावर तर नाहीच. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानंही दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. १९६० च्या कायद्यात टाकून देण्याबद्दलचा पहिला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे, त्यामुळे या बाबतीत कायद्याच्या धाकापेक्षा हे पत्र आणि त्यामागची ओळख जास्त उपयोगी. आणि तारीख ठरवताना पंचांगाकडे पाहावं: गणपतीच्या ढोलताशात, दिवाळीच्या आठवड्यात किंवा गावच्या जत्रेच्या तोंडावर बुजरं कुत्रं नव्या घरी पाठवू नये. तुळशीचं लग्न उरकलं की फटाके ओसरतात, पाऊस संपलेला असतो, ऊन कडक झालेलं नसतं. जवळपास लॉन नसेल तर होळीपर्यंतचे हे तीन-चार महिने मुळशीत यासाठी सगळ्यात चांगले.